अखेरचा हात : दातांचा पृष्ठभाग आणि झिलईचे बर

दात कोरला गेला, पोकळी भरली गेली, यंत्राची घरघर थांबली, की आपली सुटका झाली असे रुग्णाला वाटते. दंतवैद्याच्या दृष्टीने मात्र कामाचा एक नाजूक भाग अजून उरलेला असतो. तो हातयंत्रातले अवजार बदलतो, वेग कमी करतो आणि दाताच्या पृष्ठभागावरून अखेरचा हात फिरवतो. हे काम उणेपुरे पाच मिनिटांचे. पण या पाच मिनिटांत दातावर काय उरते आणि दातातून काय कायमचे निघून जाते, यावर त्या दाताचे पुढील आयुष्य बरेचसे अवलंबून असते. प्रस्तुत प्रकरणात आपण या अखेरच्या हाताचा आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अवजाराचा विचार करणार आहोत.

या अवजाराला जगभरचे दंतवैद्य ‘बर’ म्हणतात. कपड्याला चिकटणाऱ्या गोखरूसारख्या काटेरी फळाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच हा शब्द; जुन्या पोलादी बराचे गोल, दातेरी डोके पाहिले म्हणजे हे नाव का पडले असावे ते ध्यानात येते. मराठीत त्याला ‘दंतकानस’ किंवा ‘कोरणी’ म्हणता आले असते. परंतु कानस घासते आणि कोरणी कोरते; बर ही दोन्ही कामे करतो, आणि तीही स्वतःभोवती फिरत. तेव्हा दवाखान्यात रूढ असलेला ‘बर’ हाच शब्द येथे ठेवला आहे.

बराचा इतिहास हा मुख्यतः वेगाचा इतिहास होय. अमेरिकेतील जेम्स मॉरिसन याने १८७१ साली शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे दंतयंत्र काढले, तेव्हापासून बर खऱ्या अर्थाने फिरू लागला. त्या काळचे बर पोलादाचे असत आणि दाताच्या कठीण आवरणापुढे ते लवकरच बोथट होत. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीमध्ये पोलादी दांड्यावर हिऱ्याचे कण पक्के बसवण्याची कृती साधली, आणि १९४० नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण संयुगाचे बर वापरात आले. अवजार आता पुरेसे कठीण झाले होते, पण ते फिरवणारे यंत्र मंद होते. न्यूझीलंडमधील जॉन वॉल्श याने १९४९ च्या सुमारास हवेच्या झोताने फिरणाऱ्या चक्रीचा प्रयोग केला, आणि १९५७ साली अमेरिकेतील जॉन बॉर्डन याचा ‘एअरोटर’ बाजारात आला. त्याचा वेग मिनिटाला सुमारे तीन लक्ष फेऱ्यांचा होता. दात कोरणे एकाएकी सोपे झाले. जे अवजार लोण्यासारखे कापते, ते नको तेथेही लोण्यासारखेच कापते, हे मात्र पुढे हळूहळू उमगले.

हे अवजार ज्यावर चालते तो पदार्थ कसा आहे? दाताच्या दर्शनी भागावरचे पांढरे, चकचकीत आवरण म्हणजे दंतवल्क, अर्थात एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिकरूप. या स्फटिकांच्या बारीक कांड्या आतून बाहेर, एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एका कांडीची जाडी चार-पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट. दाढेच्या उंचवट्यावर दंतवल्काची जाडी दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत असते, आणि हिरडीकडे ते विरळ होत अगदी पातळ होते. त्याखाली दंतिन हा तुलनेने मऊ व लवचीक पदार्थ असतो आणि त्याच्याही आत जिवंत दंतगर असतो.

दंतवल्काची एक गोष्ट वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्क मात्र एकदा गेले की गेले. लाळेतील खनिजांनी त्याची सूक्ष्म झीज काही अंशी भरून निघते हे खरे, पण बराने खरवडून काढलेला थर लाळ परत आणून देत नाही. झिलईच्या प्रश्नाला महत्त्व आहे ते यामुळेच. गुळगुळीतपणा हवा, पण त्याची किंमत दाताच्या अंगातूनच द्यावी लागते.

आता अवजाराकडे वळू. झिलईचे बर दोन जातींचे असतात, आणि त्यांतील फरक सुताराच्या कामठ्यावर गेलेल्या कोणालाही समजेल. टंगस्टन कार्बाइडच्या बराला पाती असतात. तो रंध्याप्रमाणे पृष्ठभागाची बारीक सोलपटे काढतो. हिऱ्याच्या बराला पाती नसतात. त्याच्या अंगावर हिऱ्याचे कण जडवलेले असतात आणि तो पॉलिशकागदाप्रमाणे घासतो. रंधा मारलेल्या फळीवर आणि पॉलिशकागद घासलेल्या फळीवर बोट फिरवून पाहावे. पहिल्या फळीवर लांब, उथळ लाटा लागतात. दुसरीवर असंख्य चरे. दातावरही नेमके हेच घडते. हिऱ्याचा प्रत्येक कण आपल्या आकाराच्या प्रमाणात एक चर पाडत जातो, आणि ठिसूळ दंतवल्कात त्या चरांच्या कडा तुटून आणखी खडबडीत होतात.

पोकळी कोरण्याच्या कार्बाइड बराला साधारणतः सहा ते आठ पाती असतात. झिलईच्या बराला बारा, सोळा, वीस किंवा तीस असतात. पाती वाढली की गुळगुळीतपणा का वाढावा, हे एका साध्या हिशेबाने कळते. समजा, बारा पात्यांचा बर मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी फिरतो आहे. म्हणजे मिनिटात ३ लक्ष वेळा, सेकंदात ५,००० वेळा एकेक पाते दाताला स्पर्श करते. दंतवैद्याचा हात सेकंदाला पाच मिलिमीटर सरकला, तर दोन पात्यांच्या घावांमध्ये अंतर पडते एक मायक्रॉन. सहा पात्यांच्या बराने हेच अंतर दोन मायक्रॉन होईल आणि तीस पात्यांच्या बराने अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. घाव जितके जवळ, तितके त्यांच्यामधले उंचवटे बुटके.

हा हिशेब कागदावरचा आहे, हे येथेच सांगितले पाहिजे. बर मध्यावर अचूक बसला आहे आणि त्याची सगळी पाती सारख्याच उंचीची आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात फिरताना बराचे डोके किंचित डुलते. या डुलण्याची चालण्याजोगी मर्यादा पाठ्यपुस्तकांत सुमारे ०.०२३ मिलिमीटर, म्हणजे २३ मायक्रॉन दिली जाते. आपल्या एका मायक्रॉनच्या हिशेबापुढे हा आकडा केवढा मोठा आहे! बर डुलू लागला म्हणजे बारा पात्यांपैकी सर्वांत बाहेर येणारे एखादेच पाते दाताला लागते आणि बाकीची नुसती हवेत फिरतात. बारा पात्यांचा बर एका पात्याचा होतो, घावांमधले अंतर बारापट वाढते, शिवाय प्रत्येक घाव ठोशासारखा बसतो. हातयंत्राचा धारवा, म्हणजे बेअरिंग, झिजला असेल तर महागातला महाग बरही खडबडीत काम करतो ते यामुळे. बर विकत घेताना पात्यांची संख्या पाहणारे पुष्कळ असतात. हातयंत्र डुलते का, हे पाहणारे त्या मानाने थोडे.

हिऱ्याच्या बरांत पात्यांच्या जागी कणांचा आकार मोजतात. दांड्यावरच्या रंगीत पट्ट्यावरून तो ओळखता येतो. हिरवा पट्टा म्हणजे भरड, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे बारीक, पिवळा त्याहून बारीक आणि पांढरा अतिबारीक. मध्यम कण सुमारे शंभर मायक्रॉनचा, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढ्या जाडीचा. बारीक कणांच्या मापात उत्पादकागणिक फरक असतो. तेथे पट्ट्याच्या रंगावर पूर्ण भिस्त ठेवणे इष्ट नव्हे. मोझेकच्या फरशीला झिलई करणारा कारागीर प्रथम भरड दगड फिरवतो, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. मधली पायरी त्याने गाळली, तर भरड दगडाचे चरे तसेच राहतात आणि शेवटचा बारीक दगड त्या चऱ्यांच्या कडाच तेवढ्या चमकवतो. हिऱ्याच्या बरांचा क्रमही असाच पाळावा लागतो.

गुळगुळीतपणा मोजतात कसा? प्रोफाइलोमीटर नावाच्या यंत्राची अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून सावकाश ओढली जाते आणि तिचे वरखाली होणे नोंदले जाते. त्या उंचवट्यांचा व खळग्यांचा मध्यरेषेपासून जो सरासरी अंतराचा आकडा येतो, त्याला ‘आर-ए’ म्हणतात. आकडा सोयीचा आहे, पण सरासरी कधी फसवते हे वाचकांना ठाऊकच आहे. सर्वत्र सारखा बारीक खरखरीत असलेला पृष्ठभाग, आणि एरवी चकचकीत पण मध्येच दोन खोल चर असलेला पृष्ठभाग, या दोहोंचा आर-ए एकच येऊ शकतो. जंतूंच्या दृष्टीने ते मुळीच एक नव्हेत. म्हणूनच या विषयातील चांगले संशोधक सुईच्या आकड्याबरोबर क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले छायाचित्रही देतात.

जंतूंचा उल्लेख आलाच आहे. दात स्वच्छ केल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो आणि जंतू त्या पापुद्र्याला चिकटतात. दात किडवणाऱ्या जंतूचा व्यास अर्धा ते एक मायक्रॉन असतो. दातावरचा चर त्याहून रुंद असेल तर जंतूला आयताच आडोसा मिळतो. जीभ, गाल आणि ब्रशचे केस यांच्या घासण्यापासून तो तेथे सुरक्षित राहतो. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. १९९७ साली त्यांनी उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन ०.२ मायक्रॉन ही सीमा सुचवली. आर-ए याहून अधिक असेल तर खडबडीतपणाबरोबर जंतूंचा लेप वाढत जातो; याहून कमी केला तरी लेप आणखी घटत नाही. झिलई किती करावी या प्रश्नाला त्यामुळे प्रथमच एक तळ सापडला. त्याच्या पलीकडे घासत राहणे म्हणजे दंतवल्क व्यर्थ खर्ची घालणे होय.

रुग्णाजवळ यंत्र नसते, पण जीभ असते. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की पाव ते अर्धा मायक्रॉन एवढा खडबडीतपणातील फरक माणसाच्या जिभेला जाणवतो. इतके नाजूक मापनयंत्र निसर्गाने तोंडातच ठेवले आहे. ‘इथे काहीतरी खरखरते आहे’ असे रुग्ण म्हणाला, तर ते बहुधा खरेच असते.

झिलईच्या बरांची खरी कसोटी लागते ती दात सरळ करण्याच्या उपचारानंतर. या उपचारात दातांच्या दर्शनी पृष्ठभागावर धातूच्या किंवा चिनी मातीच्या लहान कड्या रेझिनने चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. वर्ष-दोन वर्षांनी कड्या काढल्या जातात, परंतु रेझिनचा काही भाग दंतवल्काला घट्ट धरून राहतो. तो काढलाच पाहिजे. नाहीतर त्यावर डाग पडतात व कीट साचते. येथे दात किडलेला नसतो, फुटलेला नसतो. बहुतेक वेळा तो चौदा-सोळा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा निरोगी दात असतो. त्याच्या दंतवल्काला लागलेला प्रत्येक ओरखडा उपचार करणाऱ्याच्या खाती जमा होतो, रोगाच्या नव्हे.

नॉर्वेमधील झाक्रिसन आणि ऑर्तुन या संशोधकांनी १९७९ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. उरलेले रेझिन निरनिराळ्या अवजारांनी काढून त्यांनी प्रत्येक पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि शून्य ते चार असे गुण दिले. शून्य म्हणजे ओरखडा नसलेला, मूळचा पृष्ठभाग. चार म्हणजे मुळीच न चालणारा. हिऱ्याच्या बरांना सर्वांत वाईट गुण मिळाले, आणि त्यांतून बारीक कणांचे हिरेही सुटले नाहीत. वाळूकागदाच्या चकत्या आणि रबरी चाके यांनीही कमीअधिक चरे पाडले. टंगस्टन कार्बाइडच्या बराने, मिनिटाला सुमारे २५,००० फेऱ्या एवढ्या कमी वेगावर, सर्वांत बारीक ओरखडे उमटवले आणि दंतवल्कही कमी घालवले. तथापि शून्य गुण एकाही अवजाराला मिळाले नाहीत. त्यानंतरच्या काळात पाती वाढली, नव्या चकत्या आल्या, काचतंतूंचे आणि रेझिनचे बर आले. पण कमी वेगाचा, अनेक पात्यांचा कार्बाइड बर आजही या कामात मानाच्या जागी आहे.

मूळचा पृष्ठभाग म्हणजे आरशासारखा पृष्ठभाग, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नुकत्याच उगवलेल्या दाताच्या दंतवल्कावर आडव्या, समांतर, अतिसूक्ष्म लाटा असतात. दात तयार होताना दंतवल्काचे थर एकावर एक चढत गेल्याची ती खूण होय, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखी. वय वाढते तशा त्या झिजतात. मध्यमवयीन माणसाचा दात पुष्कळदा कुमारवयीन मुलाच्या दाताहून अधिक गुळगुळीत असतो, तो यामुळेच. ज्या ठिकाणी वरचा व खालचा दात चावताना एकमेकांवर घासतात, तेथे लूव्हेनच्याच संशोधकांना १९९१ साली सुमारे ०.६४ मायक्रॉन एवढा खडबडीतपणा आढळला होता. म्हणजे जंतूंची सीमा ओलांडणारा. पण त्या जागी चावण्याचे घर्षण सतत चालू असते आणि कीट साचायला फुरसत मिळत नाही. कीड लागते ती फटींत आणि हिरडीलगत, जेथे घर्षण पोचत नाही. झिलईची काळजी सर्वांत जास्त घ्यायची ती तेथे.

काही वेळा तर गुळगुळीतपणा नकोच असतो. जाते गुळगुळीत झाले की दळण नीट होत नाही, म्हणून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. दातालाही कधी टाकी लावावी लागते. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर याने १९५५ साली असे दाखवले, की दंतवल्काला फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावून धुतले तर रेझिन त्याला कितीतरी घट्ट चिकटते. आम्लामुळे स्फटिकांच्या कांड्यांची तोंडे कोरली जातात आणि त्या खळग्यांत रेझिन शिरून अडकते. आजचे दंतवैद्यक बरेचसे या एका शोधावर उभे आहे. दातावर टोपी बसवण्याची जुनी रीत घेतली तरी हेच दिसते. झिंक फॉस्फेटचे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटत नाही, ते खाचाखोचांत रुतून बसते; त्यामुळे टोपीखालच्या दाताला थोडा खडबडीतपणा मानवतो. टोपीची कड मात्र जेथे दाताला मिळते, तेथे रेषा स्वच्छ व गुळगुळीत हवी, नाहीतर मापाचा ठसा नीट उमटत नाही आणि फट राहते. एकाच दाताच्या एका भागाला टाकी आणि दुसऱ्याला झिलई, अशी ही तारेवरची कसरत आहे.

दंतिनावर आणखी एक गोष्ट घडते. बर फिरतो तेव्हा निघालेला भुगा पाण्यात व प्रथिनांत कालवला जाऊन पृष्ठभागावर सारवल्यासारखा पसरतो. हे सारवण एक-दोन मायक्रॉन जाडीचे असते आणि दंतिनातील सूक्ष्म नलिकांची तोंडे बुजवून टाकते. भरड हिऱ्याने ते जाड होते, बारीक पात्यांच्या कार्बाइडने पातळ. जी चिकटद्रव्ये आम्लाचा वेगळा हात न देता थेट लावतात, त्यांना या सारवणातूनच वाट काढावी लागते. त्यामुळे बर कोणता वापरला, याचा परिणाम वरून न दिसणाऱ्या जोडावरही होतो.

दाताच्या रंगाचे रेझिन भरलेल्या पोकळीची झिलई हा स्वतंत्र विषय आहे. येथे दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. पारदर्शक पट्टीखाली घट्ट झालेले रेझिन सर्वांत गुळगुळीत असते, पण तो थर कमी कणांचा व मऊ असल्यामुळे तसाच ठेवणे हिताचे नसते, आणि आकार नीट करण्यासाठी बर लावावाच लागतो. दुसरे म्हणजे, रेझिनमध्ये काचेचे कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ पदार्थ असे दोन घटक असतात. अवजार मऊ भाग आधी खाते आणि कठीण कण वर उघडे पडतात किंवा उपटून निघतात. म्हणून दंतवल्कावर जो बर उत्तम ठरला तोच प्रत्येक रेझिनवर उत्तम ठरेल असे नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या क्रमाने बारीक करत फिरवणे, हा येथे बहुतांशी खात्रीचा मार्ग आहे.

बर कितीही चांगला असला तरी तो धरणारा हात हलका हवा. दाब दिला की चर खोल जातो आणि उष्णता वाढते. झाक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात दंतगराचे तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढताच काही दातांचा गर मृत झाला होता. जुना, बोथट झालेला बर हमखास दाबायला लावतो. हिऱ्याचे कण गळून गेले किंवा त्यांच्यात भुगा चिकटून बसला, की बर कापेनासा होतो आणि नुसता तापतो. कार्बाइडच्या एखाद्या पात्याचा टवका उडाला, तर प्रत्येक फेरीला दातावर एक ओरखडा उमटतो. गर्दीच्या रुग्णालयात एकच बर निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरला जातो. काटकसर समजण्यासारखी आहे. परंतु झिलईच्या बराचे आयुष्य कोरण्याच्या बराच्या मापाने मोजणे चूक आहे. कोरण्याच्या बराचा ओरखडा भरावाखाली झाकला जातो, झिलईच्या बराचा ओरखडा उघडा राहतो.

रेझिनचे अखेरचे कण काढताना अनुभवी दंतवैद्य पाण्याचा फवारा बंद करतो, हे पाहून रुग्ण कधी चिंतेत पडतो. त्याचे कारण साधे आहे. ओल्या दातावर रेझिन आणि दंतवल्क एकसारखेच दिसतात. हवेने कोरडा करताच रेझिन निस्तेज दिसू लागते आणि दंतवल्क चमकते. त्या फरकावर डोळा ठेवून, बर हलकेच टेकवत व उचलत, मधूनमधून हवेचा थंड झोत देत, तो शेवटचा कण उतरवतो आणि चमक दिसू लागताच हात थांबवतो. मग रबरी पेल्यात प्यूमिसची ओली भुकटी घेऊन दात घासला जातो, चूळ भरायला सांगितले जाते, आणि रुग्णाची जीभ आपोआपच त्या दातावरून फिरते.